समईखालचा गोटा

आमच्या रत्नागिरीच्या बिऱ्हाडात देव नव्हते. असं लिहिलं की वाचणाऱ्याला वाटेल, घर सुधारकाचं असणार. तसलं काही नव्हतं. देव आम्हाला भरपूर होते, पण ते सावर्ड्याच्या पलीकडे गावच्या घरी, थोरल्या दिरांकडे. आमच्यात देव वाटून घेत नाहीत. भाऊ वेगळे झाले की शेत वाटतात, माड वाटतात, तांब्याची भांडी वाटतात आणि वाटताना एकमेकांची उणीदुणी काढतात. देव मात्र थोरल्या घरी राहतात. धाकट्यांनी गणपतीला आणि शिमग्याला तिथे जाऊन नमस्कार करायचा. त्यामुळे सन तीसच्या आधी, आमच्या ह्यांना रत्नागिरीला कोर्टात कारकुनी लागली आणि आम्ही दोघांनी इथे बिऱ्हाड मांडलं, तेव्हा जातं आलं, पाटा-वरवंटा आला, देव आले नाहीत.

मला त्याचं फारसं दुःख झालं नाही, हे आत्ताच सांगून टाकते. माहेरी पूजेची उपकरणी चिंच लावून घासायचं काम माझ्याकडे होतं. ते सुटलं म्हणून मी देवाचेच आभार मानले होते.

बिऱ्हाड म्हणजे एका चिरेबंदी घराचा मागचा अर्धा भाग. पुढच्या अर्ध्याला मुंबईला राहणाऱ्या मालकाचं कुलूप. आमच्याकडे एक माजघर, एक स्वयंपाकघर आणि मागची पडवी. पडवीतून दोन पायऱ्या उतरलं की विहीर, विहिरीपलीकडे चार माड आणि मग दगडांचा गडगा. पडवीत जळणाची लाकडं असायची, जातं असायचं, आणि महिन्यातून तीन दिवस मी असायची.

कावळा शिवला की बाईने बाजूला बसायचं, कशाला शिवायचं नाही, हा तेव्हाचा नियम. मोठ्या घरात जावा असतात, नणंदा असतात, काम अडत नाही. आमच्याकडे हेच भात-पिठलं करायचे आणि दुरून ताट सरकवायचे. पिठलं करपलेलं असायचं आणि ते करपलेलं नाही असं त्यांचं म्हणणं असायचं. पण त्या तीन दिवसांत मला कुणी हाक मारत नसे. पाणी शेंदायचं नाही, दळायचं नाही, शिवण हातात घ्यायचं नाही. पहिले काही महिने मला याचा राग यायचा. मग कधीतरी राग यायचा राहिला. मी भिंतीला पाठ टेकून बसायची, माडांच्या झावळ्या हलायच्या, विहिरीत कुठूनतरी थेंब पडायचा. आपण कुणाचं काही लागत नाही, आपल्याला काही करायचं नाही, नुसतं असायचं आहे, असं वाटायचं. चौथ्या दिवशी न्हाऊन घरात आलं की ते गेलेलं असायचं.

ते मला महिनाभर हवं होतं. हाव म्हणा हवी तर.

पडवीच्या भिंतीत, जमिनीपासून हातभर उंचीवर, एक कोनाडा होता. आधीच्या भाडेकरूंनी त्यात घासलेटची चिमणी ठेवलेली, त्यामुळे आत काजळीचा जाड थर. एका दुपारी मी करवंटीच्या काठाने ती काजळी खरवडली, कोनाडा धुतला आणि त्याला चुन्याचा हात दिला. माझ्या आईने मला पाठवणीत वीतभर उंचीची एक पितळी समई दिली होती. ती त्यात ठेवली. पण जांभा चिरा तो, भोकाभोकांचा. समई एका बाजूला कलायची आणि तेल सांडायचं. कागदाची घडी घालून पाहिली, ती तेल प्याली. कौलाचा तुकडा घातला, तो जाड झाला. शेवटी मांडवीच्या किनाऱ्यावर फिरायला गेलो होतो तिथून मी एक चपटा काळा गोटा आणला, पेढ्याएवढा. तो समईखाली सारला आणि समई ताठ उभी राहिली. एका बाजूची पट्टी निखळलेला फणसाचा पाट समोर टाकला. झालं माझं देवघर, बिनदेवाचं.

पहाटे उठून, रहाटाला हात लावायच्या आधी, मी दिवा लावून तिथे बसू लागले. डोळे मिटायचे, श्वास येतो-जातो तिकडे बघायचं. जप नाही, पोथी नाही. आत काय चालायचं म्हणाल, तर सगळं चालायचं. काल आणलेली वांगी किडकी निघाली ते आठवायचं, ह्यांच्या कोटाचं बटण आठवायचं, मुंगी पायावर चढायची. पण मध्येच कधीतरी, दोन विचारांच्या फटीत, ते तीन दिवसांतलं सुख यायचं आणि थोडा वेळ बसून जायचं. तेवढ्यावर माझा दिवस निघायचा. मी त्या काळात सुखी होते, आणि मला ते तेव्हाच कळत होतं.

ह्यांना आधी काळजी वाटली, मग गंमत वाटू लागली. "काय करत असतेस तिथे?" एकदा त्यांनी विचारलं.

"ध्यान," मी म्हटलं.

"ते करायला कशाला हवं? आहेसच की."

पुढची तीस-चाळीस वर्षं त्यांनी हा विनोद जपून वापरला.

आता तांडेलिणीकडे येते. गडग्यापलीकडे एका तांडेलाचं घर होतं. तांडेल म्हणजे गलबताचा मुख्य, आणि त्याची बायको माहेरची हर्ण्याची. गलबत पावसाळाभर किनाऱ्याला असायचं, नारळी पौर्णिमेनंतर तो मलबाराकडे जायचा आणि कौलं भरून मुंबईला न्यायचा. तांडेलीण आमच्या विहिरीवर पाण्याला येई. आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. एका सकाळी मी पाटावरून उठत होते आणि ती कळशी घेऊन पायरीशी उभी होती.

"वयनी, ह्यो कोन?" तिने विचारलं.

"कोण कुठे?"

"दिव्याखाली बसलाय तो."

मी कोनाड्याकडे बघितलं. "कुणी नाही गं तो. इथे कुणी नाही. नुसती जागा आहे."

तिने कळशी खाली ठेवली. "जागा हाय?" ती हळूच म्हणाली. "मंग बरोबर. तरीच म्हनतंय."

आणि मला कळलं, आपण काय बोलून बसलो ते. आमच्याकडे नुसती जागा कुठेच नसते. प्रत्येक जमिनीला राखण करणारा असतो, त्याला म्हणतात जागेवाला. त्याला देऊळ नको, मूर्ती नको. एखादा दगड, एक दिवा, वर्षाकाठी एक नारळ आणि वर आठवण ठेवली की त्याचं भागतं. सोवळ्याओवळ्याचंही त्याला फारसं नसतं. आता बाहेरची बाई जिथे बसते त्या पडवीत, दिव्याखाली काळा दगड होऊन राहणारा देव, तो दुसरा कोण असणार? मी म्हटलं, "अगं ते टेकण आहे, समई डुगडुगते म्हणून घातलंय." ती समजूतदारपणे मान हलवत म्हणाली, "व्हय व्हय, तसाच सांगायचा असतो." आणि गेली.

त्या वर्षी नारळी पौर्णिमेनंतर गेलेली गलबतं दिवाळीच्या सुमाराला परत येऊ लागली. तांडेलाचं आलं नाही. तांडेलीण रोज बंदरावर जाऊन यायची. तिचं हसणं थांबलं, मग बोलणं थांबलं. कळशी भरायची आणि निघायची. मला तिच्याशी काय बोलावं कळत नसे. एका पहाटे मी डोळे मिटून बसलेली असताना पाठीमागे पावलं वाजली. ती माझ्या डोक्यावरून वाकली, कोनाड्यापुढे नारळ ठेवला आणि हात जोडून गाऱ्हाणं घालू लागली.

"बा जाग्यावाल्या म्हाराजा, आमचा धनी जिकडं आसंल तिकडनं त्याला सुखरूप आन. आमचा काय चुकला-माकला आसंल, ता पदरात घे म्हाराजा."

कोकणातल्या माणसाला गाऱ्हाणं ऐकून गप्प बसता येत नाही. कुणीतरी हुंकार द्यावाच लागतो. तिथे माझ्याशिवाय कुणी नव्हतं. पाटावर बसल्या बसल्या मी म्हटलं, "होय म्हाराजा."

आठवड्याच्या आत गलबत आलं. वेंगुर्ल्याच्या अलीकडे डोलकाठी मोडून अडकून पडलं होतं. तांडेलीण धावत आमच्या पायरीवर आली आणि माझ्या गळ्यात पडून रडली. मीही रडले. त्या दिवशी मला त्या गोट्याबद्दल एक शब्द वावगा बोलवला नसता.

पण कर्णोपकर्णी गोष्ट खालच्या आळीपर्यंत गेली. कुणाची गाय आटली होती, कुणाच्या मुलाचा ताप उतरत नव्हता, कुणाच्या लेकीला स्थळ येत नव्हतं. बायका मागच्या वाटेने यायच्या, आणि यायच्या नेमक्या पहाटे, कारण वयनी जागेवाल्याजवळ बसलेली असते ती तेव्हाच. मी डोळे मिटले की डोक्यावर उदबत्तीची राख पडायची. "होय म्हाराजा" म्हणायचं काम माझ्याकडे आपोआप आलं. न म्हणावं तर नारळ ठेवलेली बाई हिरमुसायची, आणि मग दिवसभर तिचा चेहरा मला आठवायचा. कोनाडा मी खरवडला, चुना मी दिला, समई माझ्या आईची, आणि आयत्या बिळावर हा नागोबा. ह्यांची मात्र चंगळ होती. रोज सोलकढी, रोज आमटीत ओलं खोबरं. "तुझं ध्यान फळाला आलं," ते भुरका मारत म्हणायचे.

एकदा मी चिडून गोटा काढला, विहिरीच्या कठड्यामागे टाकला आणि समईखाली चिंधी सारली. दुसऱ्या दिवशी उजाडताना बघते तो गोटा धुऊन, हळदकुंकू लावून, परत दिव्याखाली. तांडेलीण पायरीवर बसलेली.

"इहिरीकडं सापडला," ती म्हणाली. "रातचा फिराया गेलेला."

जागेवाला रात्री आपल्या जमिनीला फेरी घालतो हे सगळ्यांनाच ठाऊक. मला देवाशी भांडण नव्हतं, बायकांशीही नव्हतं. मला फक्त माझी सकाळ परत हवी होती, आणि ती कुणाकडे मागावी हे कळत नव्हतं.

अशात पौष महिन्यात सासूबाई आल्या. त्यांचा मोतीबिंदू पिकला होता. एका डोळ्याने काही दिसत नव्हतं, दुसऱ्याने सावल्या. दवाखान्यात डोळा कापून घ्यायचा असं ठरलं आणि थोरले दीर त्यांना सर्व्हिस मोटारीने आणून सोडून गेले. सासूबाई अंगाने काडी, पण जिभेने वाघीण. गावच्या घरातल्या देवांची पूजा पुरुष करत, तरी पूजेचं सगळं सासूबाईंच्या हातात. फुलं कोणती, गंध किती, नैवेद्याला आज काय, यात कुणी तोंड घालायचं नाही. मी त्यांना भ्यायची. सगळेच भ्यायचे.

पहिल्याच सकाळी तांडेलीण नारळ घेऊन आली आणि सासूबाईंना आपल्या नवऱ्याच्या गलबतापासून सगळी कथा ऐकवून गेली. ती गेल्यावर सासूबाई भिंतीला धरून कोनाड्याशी आल्या, बोटांनी समई चाचपली, मग गोटा चाचपला.

"हा कोण गो?"

"कुणी नाही," मी म्हटलं. खोटं बोलायची छाती नव्हती. "समई कलत होती म्हणून टेकण घातलंय. लोकांनी त्याचा देव केला."

"मग दिवा कुणापुढे लावत्येस?"

"कुणापुढे नाही. मी नुसती बसते."

त्यांनी गोट्यावरचा हात काढून पदराला पुसला. मग बोलल्या ते सावकाश, एकेक शब्द मोजून दिल्यासारखं. "देव गावी असताना इथे दुसरा दिवा. तोही विटाळाच्या पडवीत. आणि दगडाला लोकांचे नारळ. मी परत जायच्या आधी हा कोनाडा चिरा घालून बुजवायचा. मी उभी राहून बुजवून घेईन. डोळा बरा होईस्तोवर असू दे, उगीच आता त्रास नको."

ह्यांच्याकडे मी आशेने पाहिलं. हे आईपुढे जितके कारकून असत तितके साहेबापुढेही नसत. त्यांनी पान लावायला घेतलं. कोनाडा जाणार, हे नक्की झालं. मी त्या रात्री उशीत तोंड घालून रडले आणि मग स्वतःचाच राग आला, की वीतभर भोकासाठी काय हे!

डोळा कापला. दवाखान्यात बरेच दिवस उताणं निजवून ठेवलं, मग घरी पाठवलं ते दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून. एकच डोळा कापलेला, पण दुसरा हलला तर हाही हलतो म्हणून दोन्ही बंद. वाकायचं नाही, खोकायचं नाही, डोक्यावरून पाणी नाही. "डोक्यावरून पाणी नाही तर सोवळं कसलं, आणि सोवळं नाही तर देवाचं नाव तरी कुठल्या तोंडाने घेऊ," असं म्हणत त्या माजघरात बसून राहायच्या. ज्या बाईने जन्मभर घर नाचवलं तिला आता पाण्याचा तांब्यासुद्धा कुणीतरी हातात द्यायचा. त्या माझ्यावर ओरडायच्या, ह्यांच्यावर ओरडायच्या, मग ओरडणंही सोडलं. माजघरात उकडतं म्हणून मी त्यांचं अंथरूण पडवीत, विहिरीच्या वाऱ्याला घातलं.

आणि तेव्हाच माझे ते तीन दिवस आले. पहाटे जाग आली. दिव्याला शिवायचं नव्हतं, पाटाला शिवायचं नव्हतं. मी पडवीच्या दुसऱ्या टोकाला, जळणाच्या लाकडांशी, अंधारात भिंतीला टेकून बसले. सासूबाई जाग्याच होत्या.

"आज दिव्याचा वास नाही आला," त्या म्हणाल्या.

"मी बाहेरची आहे."

"मग काय करत्येस?"

"बसल्ये." त्यांच्याशी बोलताना माझ्याही तोंडात गावची बोली यायची. "खरं म्हणजे मी बसायला लागले ती या दिवसांतच. दिवा मागाहून आला."

विहिरीत थेंब पडला. मला वाटलं आता त्या विटाळावर काहीतरी बोलतील. त्या पट्टी बांधलेलं तोंड विहिरीकडे करून बसल्या होत्या.

"गावच्या मागच्या पडवीत मीही बसायची," त्या म्हणाल्या. "याच दिवसांत. सासू, जावा, पोरं, गडी, सगळे घरात. मी एकटी बाहेर. समोर पोफळी. कुणी हाक मारायचं नाही. पुढे वय झालं, बाहेर बसणं बंद झालं. तसं बसणंच बंद झालं बघ. मग कुणी बसू दिलं नाही."

मी कधी त्यांच्याविषयी असा विचारच केला नव्हता, की यांनाही कधी नुसतं बसावंसं वाटलं असेल.

"दिवा नाही तर नाही," त्या म्हणाल्या. "मला कुठे दिसतोय. तू तिथे बस, मी इथे बसत्ये."

आम्ही दोघी बसलो. पडवीच्या या टोकाला एक, त्या टोकाला एक. तो बसण्याचा दिवस मला दुसऱ्या कुठल्याही दिवसापेक्षा जास्त आठवतो, आणि सांगण्यासारखं त्यात काहीच घडलं नाही. उजाडलं, कावळे ओरडले, पायरीशी पावलं वाजली. कुणीतरी नारळ घेऊन आली होती.

"कोण ते?" सासूबाईंनी आवाज टाकला. पट्टीमुळे त्यांचा आवाज होता त्याहून करडा वाटायचा.

"जाग्यावाल्याकडं आलंय," ती बाई बिचकत म्हणाली.

"दुपारची ये. पहाटे तो कुणाशी बोलत नाही."

"आं?"

"रात्रभर राखण करून दमतो. पहाटे त्याचा डोळा लागतो. सगळ्यांना सांग जाऊन."

पावलं हळूच, टाचा न वाजवता, परत गेली. मी तोंडावर पदर धरून हसले. दुसऱ्या दिवसापासून पहाटे पडवीकडे कुणी फिरकलं नाही. मी इतके महिने जे विनवण्यांनी, चिडून, गोटा फेकून करू शकले नव्हते ते सासूबाईंनी दोन वाक्यांत केलं. दुपारी बायका यायच्या, आणि गाऱ्हाण्याला हुंकार द्यायला सासूबाई पट्टी बांधून बसलेल्याच असायच्या. त्यांचं "होय म्हाराजा" माझ्याहून कितीतरी भारदस्त होतं. तांडेलीण तर म्हणे, जाग्यावाल्याला आता खरा मानूस मिळाला.

मी चौथ्या दिवशी न्हाऊन दिवा लावला तेव्हा पाटावर बसायला गेले, तर पाठीमागून आवाज आला, "सरक." पाट एकाचा होता. मी सरकले. मग रोज सरकत गेले. शेवटी दुसरा पाट आणला.

पट्टी सुटली त्या दिवशी त्यांना अंधुक दिसू लागलं, पुढे चष्मा लागल्यावर चांगलं दिसू लागलं. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन म्हणतात. यांना एकच मिळाला, पण चोख मिळाला. पहिलं काम त्यांनी काय केलं असेल तर ह्यांचा कोट मळलाय म्हणून मला बोलल्या. मग कोनाड्याशी जाऊन वाकून गोटा पाहिला. "एवढासाच?" म्हणाल्या. "मला वाटलं, बराच मोठा असेल."

शिमगा जवळ आला. थोरल्या दिरांचा निरोप आला, न्यायला येतो म्हणून. सासूबाई कोनाड्याचं काही बोलत नव्हत्या आणि मी विचारत नव्हते. एकदा दिलेला शब्द त्या मागे घेत नसत, हे मला माहीत होतं. जायच्या आदल्या दिवशी दुपारी घराच्या मालकाच्या ओळखीचा एक गवंडी अंगणाच्या कठड्याचे चिरे बसवायला आला, आणि मी हातातलं काम टाकून दाराशी जाऊन उभी राहिले. सासूबाईंनी त्याला काहीही सांगितलं नाही. तो आपलं काम करून गेला.

निघायच्या सकाळी मी उठले तर त्या माझ्या आधी न्हाऊन कोनाड्यापुढे उभ्या. समई उचललेली. गोटा त्यांनी धुतला, पदराच्या टोकात बांधला आणि समई परत ठेवली. ती लगेच कलली.

"हा मी नेत्ये," त्या म्हणाल्या. "तुला काय, समुद्र हाकेवर आहे. दुसरा आण."

"आणि कोनाडा?" शेवटी मी विचारलंच.

"कसला कोनाडा?" त्या म्हणाल्या, आणि ह्यांना मोटारीची वेळ झाली म्हणून हाका मारायला लागल्या.

मी मांडवीवरून दुसरा गोटा आणला. तांडेलिणीने तो पहिल्याच दिवशी ओळखला. "वयनी, जाग्यावाला बारीक झाला," ती काळजीने म्हणाली. मी सांगितलं, थोरला सासूबाईंबरोबर गावी गेलाय, हा त्याचा धाकटा भाऊ. तिला ते अगदी पटलं. घरोघरी असंच असतं.

गणपतीला आम्ही गावी गेलो. घर माणसांनी भरलेलं. देवघरात देवांची दाटी, पुढे गणपती, समया, आरत्या, मोदकांच्या ताटांची धावाधाव. सासूबाई चष्मा नाकावर ओढून सगळ्यांवर ओरडत होत्या. माझ्याशी दोन दिवसांत त्या कामाखेरीज एक शब्द बोलल्या नाहीत, आणि मला वाटलं, रत्नागिरीची पडवी त्या तिथेच ठेवून आल्या. तसं वाटून मला वाईट वाटलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे कुणीतरी माझा खांदा हलवला. सासूबाई होत्या. तोंडावर बोट. निजलेल्या पोरांना ओलांडत मी त्यांच्या मागून मागच्या पडवीत गेले. समोर पोफळी, पाऊस नुकताच थांबलेला. भिंतीतल्या कोनाड्यात छोटी समई लावलेली, आणि तिच्याखाली आमचा गोटा. खाली दोन पाट.

मी बसले, आणि बघते तर समई हलत होती. तिथला कोनाडा गुळगुळीत, सारखा केलेला. त्यात टेकणाची काही गरज नव्हती. उलट गोट्यामुळेच समई कलली होती आणि तेलाचा एक ओघळ खाली आला होता.

"सासूबाई," मी हळूच म्हटलं, "हा इथे नको होता. समई ह्याच्यामुळेच डुगडुगते."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या. "असू दे. बस."